गुडघा दुखतो, तोलही जातो

साठीच्या आसपास गुडघे दुखू लागणे ही आपल्याकडे इतकी सर्रास गोष्ट झाली आहे की, तिला कोणी आजार म्हणत नाही. वयाचा हिशेब म्हणून ती स्वीकारली जाते. जिना उतरताना कळ येते, मांडी घालून बसता येत नाही, सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले जड पडतात, या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. मलम, शेक, वेदनाशामक गोळी, गुडघ्याची पट्टी, इंजेक्शन आणि अखेरीस सांधेरोपण अशी उपायांची चढती भाजणीही बहुतेकांना पाठ असते. या सगळ्यात एक तक्रार मात्र क्वचितच सांगितली जाते आणि त्याहून क्वचित विचारली जाते. ती आहे तोल जाण्याची.

रुग्ण ही तक्रार ‘तोल’ या शब्दात मांडत नाही, हेही तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण असावे. ‘पायाचा भरवसा वाटत नाही’, ‘गुडघा मधूनच दगा देतो’, ‘गर्दीत जायला नको वाटते’, ‘रस्ता ओलांडताना कोणाचा तरी हात लागतो’ अशा भाषेत ती येते. ऐकणारा तिचे खापर दुखण्यावर किंवा वयावर फोडून मोकळा होतो. वास्तविक गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात त्या विकारात, तोल सांभाळणारी यंत्रणाच ठिकठिकाणी कमकुवत होते, असे गेल्या तीसएक वर्षांतील अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. दुखणे थांबले की तोल आपोआप परत येतो, ही समजूतही त्यातून खोटी ठरली आहे.

हा विकार किती पसरलेला आहे याची कल्पना २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीवरून येते. पुण्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या या पाहणीत गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण २८.७ टक्के आढळले. ग्रामीण भागही त्यातून सुटलेला नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने केलेल्या सांधेदुखीच्या पाहणीतही गुडघ्याचे दुखणे ठळकपणे पुढे आले होते. दुसऱ्या बाजूला, पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात आणि त्यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल क्रमांक पडण्याचाच लागतो. या दोन आकड्यांमध्ये जे नाते आहे, त्याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही.

उभे राहणे सोपे नसते

माणूस स्वस्थ उभा आहे असे आपण म्हणतो, तेव्हाही तो स्वस्थ नसतो. शरीराचा भार पावलांच्या चिमूटभर जागेवर तोललेला असतो आणि तो सतत किंचित पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे झुकत असतो. प्रत्येक झुकाव मेंदूला कळतो, स्नायूंना हुकूम जातो आणि शरीर पुन्हा मध्यावर येते. हे इतक्या सूक्ष्म प्रमाणात आणि इतक्या वेगाने घडते की, त्याची जाणीवही होत नाही. प्रयोगशाळेत दाब मोजणाऱ्या फळीवर माणसाला उभे केले, तर हे झुलणे कागदावर उमटते.

या कामासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी मिळते. डोळे सभोवतालचे दृश्य दाखवतात. कानाच्या आतील भागात असलेली द्रवाने भरलेली वलये डोके कोणत्या दिशेला वळले, कलले ते सांगतात. तिसरी बातमी येते ती पायांच्या तळव्यांपासून मानेपर्यंत पसरलेल्या स्नायूंतून आणि सांध्यांतून. डोळे मिटूनही आपला गुडघा किती वाकला आहे हे आपल्याला कळते, ते या तिसऱ्या वाटेने. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असे नाव दिले. पुढे १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मज्जापेशींच्या कार्याविषयीच्या संशोधनासाठी. मराठीत या जाणिवेला ‘सांध्याचे भान’ म्हणता येईल.

तीनपैकी एक वाट मंदावली तर उरलेल्या दोन भार उचलतात. म्हणूनच सांध्याचे भान कमी झालेला माणूस दिवसाउजेडी सपाट फरशीवर व्यवस्थित चालतो आणि रात्री दिवे गेल्यावर तोच भेलकांडतो. तोंडावर साबण लावून डोळे मिटले की ज्यांना बेसिन धरावेसे वाटते, त्यांच्या बाबतीतही हेच घडत असते. डोळ्यांनी चालवलेली उसनवारी त्या क्षणी बंद पडते. जर्मन वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाणारी चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. पाय जुळवून उभे राहायचे आणि डोळे मिटायचे, एवढीच ती चाचणी. आजही कोणत्याही यंत्राविना ती करता येते.

गुडघ्यात नेमके काय बिघडते?

गुडघा म्हटले की ‘वंगण संपले’ हा शब्दप्रयोग ठरलेला. तो पूर्णपणे चुकीचा नाही, पण त्यामुळे सांधा म्हणजे दाराची बिजागरी अशी कल्पना मनात बसते आणि तेल घातले की काम झाले असे वाटू लागते. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजणे हा या विकाराचा एक भाग आहे. त्याबरोबर सांध्याचे आवरण सुजते, आत पाणी साठते, हाडांना कडेने काटे फुटतात, दोन हाडांमधल्या चकत्या विरतात आणि कूर्चा झिजल्याने हाडांमधले अंतर घटून बाजूचे अस्थिबंध सैल पडतात. गंमत अशी की, ज्या कूर्चेविषयी एवढे बोलले जाते तिच्यात मज्जातंतू नसतातच. सांध्याची खबर देणारे सूक्ष्म संवेदक असतात ते आवरणात, अस्थिबंधांत, चकत्यांच्या कडांना आणि मुख्यत्वे गुडघ्याभोवतीच्या स्नायूंत. म्हणजे भान जाते ते कूर्चा झिजल्याने नव्हे, तर तिच्या आजूबाजूला जे बिघडते त्याने.

इथे एक कोडे आहे. शिकागो येथील डॉ. लीना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच गुडघ्यात विकार असलेल्या रुग्णांचे दोन्ही गुडघे तपासले. दुखऱ्या गुडघ्याचे भान कमी आणि चांगल्या गुडघ्याचे शाबूत, असे निष्पन्न व्हायला हवे होते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले ते वेगळेच. रुग्णांच्या दोन्ही गुडघ्यांचे भान जवळपास सारखेच होते आणि ते त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींपेक्षा कमी होते. मग गुडघा झिजल्याने भान कमी झाले, की भान आधीच कमी असल्याने पाऊल वेडेवाकडे पडून गुडघा झिजला? आधी कोंबडी की आधी अंडे, हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. रुग्णाच्या दृष्टीने त्यातून निघणारा अर्थ मात्र सरळ आहे. ‘माझा दुसरा पाय ठणठणीत आहे’ या भरवशावर तोलाची काळजी सोडता येत नाही.

भानापेक्षाही अधिक गंभीर बाब आहे ती ताकदीची. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा जो जुडगा असतो, तो गुडघा सरळ ठेवतो, खुर्चीतून उठवतो, जिना उतरताना शरीराला लगाम घालतो. गुडघ्याच्या या विकारात तो हटकून दुबळा होतो. दुखते म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून स्नायू बारीक, असे त्याचे साधे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. सांध्यात पाणी साठले की, तेथून जाणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच या स्नायूचा आवाज दाबून टाकतात. रुग्णाने कितीही जोर लावायचे ठरवले, तरी स्नायू पूर्ण क्षमतेने आखडत नाही. हे दाखवणारा एक प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी, मुळीच न दुखणाऱ्या गुडघ्यांत संशोधकांनी सलाइन भरले. अवघे २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे पाणी आत जाताच मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूची प्रतिक्रिया मंदावली. ना वेदना, ना झीज. तरी स्नायू गप्प. ‘थोडी सूज आहे, चालायचेच’ असे म्हणून वर्षानुवर्षे गुडघा ओढणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात घ्यावा असा आहे.

या स्नायूच्या दुबळेपणाचा तोलाशी संबंध कसा येतो? पाय अडखळला की सावरण्यासाठी शरीराजवळ सेकंदाचाही थोडासाच भाग असतो. तेवढ्यात दुसरा पाय पुढे टाकायचा आणि त्यावर सगळा भार झेलायचा असतो. स्नायूत ताकद असून भागत नाही, ती झटक्यात उपलब्ध व्हावी लागते. दुबळा आणि दबलेला स्नायू उशिरा जागा होतो आणि गुडघा दुमडतो. रुग्ण ज्याला ‘दगा देणे’ म्हणतात ते हेच. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी २,३५१ जणांची पाहणी केली असता, मागील तीन महिन्यांत गुडघा असा एकदा तरी दुमडल्याचे ११.८ टक्के लोकांनी सांगितले, त्यातील १२.६ टक्के त्यामुळे पडले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीतील सर्वांत बोलकी बाब अशी की, गुडघा दुमडणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या क्ष-किरण चित्रात झीज दिसतच नव्हती. एक्स-रे चांगला आला म्हणून रुग्णाची तक्रार झटकून टाकणाऱ्या घरच्यांना आणि डॉक्टरांनाही हे ठाऊक असलेले बरे.

चालही बदलते. दुखऱ्या पायावर कमीत कमी वेळ भार पडावा म्हणून पावले आखूड होतात. धड एका बाजूला कलते. गुडघे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील, तर चालताना शरीर बदकासारखे दोन्ही बाजूंना झुलते. पाऊल जमिनीपासून फारसे उचलले जात नाही आणि मग जुन्या घराचा उंबरठा, सतरंजीची दुमडलेली कड किंवा पदपथावरची निघालेली फरशी पायात येते.

दुखणे गेले, तोल नाही आला

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे डॉ. मायकेल डोहर्टी यांच्या गटाने या प्रश्नाचा माग काढला. त्यांच्या २००१ च्या अभ्यासात गुडघ्याचा विकार असलेले रुग्ण इतरांपेक्षा अधिक झुलतात, त्यांच्या सांध्याचे भान कमी असते आणि मांडीचा स्नायूही दुबळा असतो, असे आढळले. झुलण्याचे प्रमाण प्रामुख्याने वेदना आणि वजनाच्या मानाने स्नायूची ताकद या दोन गोष्टींशी निगडित दिसत होते. मग वेदनाच काढून टाकली तर? पुढच्या वर्षी त्याच गटाने रुग्णांच्या गुडघ्यात बधिर करणारे इंजेक्शन दिले आणि तुलनेसाठी औषध नसलेले इंजेक्शनही दिले. वेदना कमी झाली. स्नायूचा जोरही वाढला. सांध्याचे भान आणि उभे राहण्यातील स्थैर्य मात्र होते तिथेच राहिले.

या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ थोडा धोक्याचा आहे. गोळी घेतली किंवा इंजेक्शन घेतले की बरे वाटते. बरे वाटले की माणूस बाजारात जातो, बसमध्ये चढतो, स्टुलावर उभा राहून माळ्यावरचा डबा काढतो. वेदना अडवत होती तो अडसर दूर झालेला असतो, पण तोलाची उधारी फिटलेली नसते. वेदनाशामक घेऊ नये असा याचा अर्थ मुळीच नाही. व्यायाम करता यावा इतपत वेदना आटोक्यात आणणे गरजेचेच असते. ती सवलत कशासाठी वापरायची, एवढाच प्रश्न आहे.

हाडांच्या बाबतीतही अशीच एक विसंगती आढळते. ज्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस असतो, त्यांची हाडे सरासरीने अधिक भरीव असतात, त्यामुळे त्यांना अस्थिभंगाची भीती कमी, असा तर्क एकेकाळी केला जाई. ऑस्ट्रेलियातील डब्बो या गावातील ज्येष्ठांच्या दीर्घ पाहणीने १९९५ मध्ये या तर्काला धक्का दिला. हाडांची घनता जास्त असूनही या लोकांची हाडे मोडण्याचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे कमी नव्हते. त्यांचा तोल अधिक डळमळीत होता, त्यामुळे मजबूत हाडांनी मिळालेला लाभ हातचा गेला असावा, असे संशोधकांनी सुचवले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील जॉन्स्टन काउंटीमध्ये झालेल्या पाहणीतही गुडघा आणि खुबा मिळून जितके सांधे दुखरे, तितकी पडण्याची शक्यता अधिक, असा चढता क्रम २०१५ मध्ये दिसून आला.

पडण्याची भीती हा स्वतंत्रच विषय आहे. एकदा पडलेली, किंवा पडता पडता वाचलेली व्यक्ती घराबाहेर पडणे टाळू लागते. देवळात जाणे, लग्नकार्याला जाणे, नातवाला शाळेतून आणणे एकेक करून बंद होते. घरचेही ‘आई, तू आता बसूनच राहा’ असे मायेने बजावतात. त्या मायेपोटीच स्नायू आणखी गळतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

दोष नेहमी गुडघ्याचाच नसतो

तोल जातो म्हणून सगळा आरोप गुडघ्यावर ठेवणेही बरे नव्हे. दीर्घकालीन मधुमेहाने तळव्यांची संवेदना बोथट होते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, जी शाकाहारी मंडळींत बरीच आढळते, मज्जातंतू आणि मज्जारज्जू दोन्हींवर परिणाम होतो. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे अंथरुणातून एकदम उठताना अंधारी येते. झोपेच्या गोळ्या आणि काही तीव्र वेदनाशामके मेंदूला सुस्त करतात. मोतीबिंदू आणि दोन नंबरांचा चष्मा जिन्याच्या पायऱ्या फसव्या करतात. गुडघेदुखीच्या वयात यातील दोन-तीन गोष्टी एकत्र नांदत असणे अगदी सामान्य आहे. घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे एकदा तरी ठेवावी ती याचसाठी.

तोल घरी तपासता येतो

यासाठी फार खर्चिक तपासण्यांची गरज नाही. हात असलेल्या साध्या खुर्चीत बसावे, उठून तीन मीटर अंतरावरच्या खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जावे, वळून परत यावे आणि बसावे. दुसऱ्याने घड्याळ लावावे. यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका आहे असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शिकेत मानले जाते. दुसरी चाचणी उभे राहण्याची. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावून, दोन्ही पावले एका रेषेत ठेवून १० सेकंद उभे राहता आले पाहिजे. ही चाचणी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ आणि कोणी तरी शेजारी उभे असतानाच करावी. तोल आहे की नाही हे पाहण्याच्या नादात पडण्यासारखे दुर्दैव नाही.

गेल्या वर्षभरात एकदाही पडलात का, पडता पडता वाचलात का, पडण्याच्या भीतीने काही करायचे सोडले का, हे तीन प्रश्न तर चाचणीइतकेच मोलाचे आहेत. दवाखान्यात कोणी विचारले नाहीत, तर रुग्णाने उत्तरे आपणहून सांगावीत.

व्यायाम कोणता, किती

चालणे हा उत्तम व्यायाम आहे, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. ज्येष्ठांच्या पडण्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो, याविषयीच्या १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता आणि हा लाभ प्रामुख्याने तोलाला आव्हान देणाऱ्या तसेच उठणे-बसणे, पायरी चढणे अशा रोजच्या हालचालींवर आधारलेल्या व्यायामांतून मिळाला. (या आढाव्याच्या प्रमुख लेखिका कॅथरीन शेरिंग्टन. आडनावाचा योगायोग वाचकांच्या लक्षात आला असेलच.)

गुडघेदुखी असलेल्यांनी सुरुवात ताकदीपासून करावी, असे बहुतेक फिजिओथेरपिस्ट सुचवतात. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती खाली दाबत मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळून धरावा. हे पलंगावरही करता येते आणि सुजलेल्या गुडघ्यालाही सहसा सोसवते. पुढची पायरी म्हणजे सरळ पाय उचलणे, कुशीवर निजून पाय वर नेणे आणि खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. कुशीवरच्या व्यायामाला कमी लेखू नये. खुब्याच्या बाजूचा स्नायू एका पायावर उभे असताना कंबर सावरतो आणि चालताना प्रत्येक पावलागणिक माणूस क्षणभर एका पायावरच असतो.

तोलाचा व्यायाम त्यानंतर. ओट्याला दोन्ही हात लावून पावले जुळवावीत, मग एक हात, मग फक्त बोटे, मग हात अधांतरी. ते जमले की एक पाऊल अर्धे पुढे, मग पूर्ण रेषेत, मग एका पायावर. त्यानंतर मान डावी-उजवीकडे वळवत तेच करावे, कारण रस्त्यावर माणूस समोर टक लावून चालत नाही. व्यायाम अगदी सहज जमत असेल तर त्याचा उपयोग संपला असे समजावे. थोडेसे डगमगणे, पण हाताशी आधार असणे, ही योग्य पातळी. दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मात्र महिनाभर करून सोडून दिले तर मिळवलेले पुन्हा ओसरते.

आपल्याकडच्या योगासनांत ताडासन आणि वृक्षासन ही तोलाचीच आसने आहेत. भिंतीला पाठ किंवा हात लावून ती करायला हरकत नसते. वज्रासन, पद्मासन यांचा अट्टहास मात्र झिजलेल्या गुडघ्याला महागात पडू शकतो. ताई ची या चिनी व्यायामप्रकाराविषयी अधिक भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील टफ्ट्स येथील संशोधकांनी गुडघ्याच्या २०४ रुग्णांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताई ची व नेहमीची फिजिओथेरपी यांचा लाभ तोडीस तोड आढळला. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम, वजन कमी करणे, ताई ची आणि हातातील काठी यांची ठाम शिफारस आहे. तोलाचे व्यायाम आणि योग यांची सशर्त शिफारस आहे. जाहिरातींतून सतत समोर येणाऱ्या ग्लुकोसामाइनविरुद्ध मात्र याच सूचनांनी स्पष्ट कौल दिला आहे.

वजनाचे गणित सोपे आहे. वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते.

काठीची लाज

काठी हातात घेणे म्हणजे म्हातारपण पत्करणे, या भावनेने अनेक जण छत्री टेकत चालतात. छत्रीची उंची बेतलेली नसते, तिचे टोक फरशीवर घसरते आणि भार आला की दांडा वाकतो. काठी घ्यायची तर ती चांगली घ्यावी. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची रेघ जिथे येते, तेवढी तिची उंची असावी. टोकाला रुंद रबरी टोपण असावे आणि ते झिजले की बदलावे. काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेकांना हे उलटे वाटते. पण डावा पाय पुढे जातो तेव्हा उजवा हात पुढे जाणे हीच चालण्याची नैसर्गिक लय आहे, आणि त्या लयीत काठी दुखऱ्या पायाबरोबर जमिनीला टेकून भार वाटून घेते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

गुडघ्याच्या पट्टीने काहींना आधार वाटतो. ती वापरायला हरकत नाही, पण पट्टी स्नायूचे काम करत नाही.

घर, पाऊस आणि बसची पायरी

पडण्याचे प्रसंग हिमालयात नव्हे, मोरीत आणि संडासात येतात. ओली गुळगुळीत फरशी, साबणाचा फेस, टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठण्याची सवय. ती दांडी टॉवेलपुरतीच असते. माणसाचा भार पेलायला भिंतीत पक्का रोवलेला कठडा लागतो. देशी पद्धतीच्या संडासात वाकलेल्या गुडघ्यांवरून उठणे हा तर तोलाचा कस पाहणारा क्षण. कमोड बसवणे शक्य नसेल, तर वर ठेवायची घडीची खुर्ची मिळते. रात्री पलंगापासून मोरीपर्यंत मंद दिवा असावा. घरात सैल सपाता घालू नयेत. टाचेमागे पट्टा असलेली चप्पल बरी. पूजेसाठी पाटावर बसण्याऐवजी देव्हारा थोडा उंच करून खुर्चीवर बसण्याला शास्त्राची आडकाठी नसावी.

पावसाळ्यात चाळीच्या आणि वाड्याच्या अंगणात शेवाळ धरते, शहाबादी फरशी निसरडी होते. बाहेरची अवस्था निराळी नाही. एसटीची पहिली पायरी उंच असते, आणि बस पूर्ण थांबण्याआधी उतरण्याची घाई केवळ तरुणच करतात असे नव्हे. फोनची किंवा दाराची घंटा वाजली की धडपडत उठण्याची सवयही अशीच. समोरचा माणूस चार घंटा अधिक थांबू शकतो.

शस्त्रक्रियेनंतर

सांधेरोपणाने वेदना जाते, वाकडा पाय सरळ होतो आणि अनेकांचा तोलही सुधारतो. मात्र तो निरोगी माणसाइतका होतोच असे नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्याहून खाली गेलेली असते आणि ती मूळ पातळीवर यायला काही महिने लागतात. म्हणजे नवा गुडघा बसला तरी त्याला हाकणारा स्नायू त्या काळात पूर्वीपेक्षाही दुबळा असतो. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याआधीचे आठवडे स्नायू बळकट करण्यासाठी वापरावेत आणि नंतरच्या फिजिओथेरपीत गुडघा किती अंशांत वाकतो यावरच सगळे लक्ष न देता तोलाचे व्यायामही मागून घ्यावेत.

पडल्यावर उठायचे कसे

एवढे करूनही माणूस पडू शकतो. जमिनीवरून उठण्याची सर्वसाधारण रीत म्हणजे कुशीवर वळून, हात आणि गुडघ्यांवर येऊन, जवळच्या खुर्चीला धरून उठणे. झिजलेला गुडघा कडक फरशीवर टेकवत नाही, म्हणून असे रुग्ण उठायचा प्रयत्नच सोडून देतात आणि एकटे असतील तर तासन् तास पडून राहतात. गुडघ्याखाली घडी केलेली सतरंजी, उशी किंवा अंगावरची शाल सरकवली तर हे जमू शकते. पलंग किंवा जड खुर्चीपर्यंत बसल्या बसल्या सरकत जावे, हात तिच्या बैठकीवर टेकवावेत, दोन्हींपैकी अधिक बळकट पायाचे पाऊल पुढे जमिनीवर रोवावे आणि हातांवर जोर देत उठून आधी बसावे. उभे राहण्याची घाई करू नये. ही रीत पडण्याआधीच, घरात कोणी असताना, एकदोनदा करून पाहिलेली असावी.

पडल्यानंतर खुब्यात किंवा जांघेत तीव्र कळ येत असेल, पाय आखूड झाल्यासारखा किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, त्यावर भार देता येत नसेल, अथवा डोक्याला मार लागून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र उठवण्याचा, मालिश करण्याचा किंवा पाय ओढून सरळ करण्याचा खटाटोप न करता रुग्णाला आहे तिथेच पांघरूण घालून ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.